वेकबोर्डिंगचे फोटो: लेक हवेत उडते, पण चेहरा सापडत नाही

राईनकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही कोलोनजवळ राहतो. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला दोन उन्हाळ्यांपासून वेकबोर्डिंगचं वेड लागलंय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: तळ्याभोवती उंच खांब असतात, त्यांवरून पोलादी केबल फिरत असते आणि केबलला दोर लोंबत असतात. पायात एकच रुंद फळी बांधायची, दोराची मूठ धरायची आणि केबल तुम्हाला ताशी ३० किलोमीटरच्या आसपास ओढत नेते. बोट लागत नाही. ही युक्ती ब्रुनो रिक्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने काढली. पाण्यात मधेमधे तरंगते चढाव असतात, त्यांना किकर म्हणतात. त्यावरून उडी घ्यायची.

आम्ही कोलोन आणि ड्युसेलडॉर्फच्या मधे लांगेनफेल्डला जातो. लेक आता किकरवरून उडून, एका हाताने फळी पकडून नीट खाली उतरते. हे शिकायला तिला अख्खा उन्हाळा लागला. गुडघे किती वेळा काळेनिळे झाले ते मी पाहिलंय, म्हणून ती उडी मला नीट टिपायची आहे.

माझ्याकडे पुण्याहून आणलेला कॅनन २००डी आणि ५५-२५० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. गेल्या शनिवारी दुपारी एक ते तीन या वेळात तीनशेच्या वर फोटो काढले, ठेवण्यासारखे चार निघाले. अडचणी अशा:

बहुतेक फोटोंत तिची पाठच दिसते. मी काठावर बरोबर किकरसमोर उभी असते, तरीसुद्धा.

लेन्स पूर्ण २५० वर ओढते, कारण लेक लांब असते. मग कधी डोकं कापलं जातं, कधी फळी.

हेल्मेटखाली चेहरा काळा येतो आणि पाण्याचे तुषार नुसते पांढरे फटक.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ऐन उडीच्या क्षणी कॅमेरा अडकतो. बटण दाबून धरलेलं असतं पण तो फोटोच घेत नाही.

डायलवर स्पोर्ट्स मोड ठेवते. माझी आई सांगलीला असते, तिला दर रविवारी नातीचे फोटो लागतात. गेल्या रविवारी फोनवर म्हणाली, "अगं, पोरीचं तोंड दिसू दे की एकदा." नवीन कॅमेरा घेणं आत्ता शक्य नाही. आहे त्यात काय सुधारता येईल?

पहाटवारा

शटर स्पीड किमान १/१००० (सेकंदाचा हजारावा भाग) ठेवा आणि दुपारचे फोटो सोडून द्या. दुपारी एकला डोक्यावरचं ऊन थेट हेल्मेटवर पडतं, चेहऱ्यावर सावली येणारच. तुमच्याकडे जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी साडेसातनंतर जा, उजेड आडवा येतो आणि हेल्मेटच्या आत शिरतो.

उत्तरवारा

मी हॅम्बुर्गला असतो. स्वतः केबलवर जातो, आणि आठ उन्हाळे मित्रांचे फोटो काढतोय. तुमचा प्रश्न वाचून आधी एक विचारतो: लेकीचा पुढे कोणता पाय असतो?

राईनकाठ

उजवा. का?

उत्तरवारा

मग पाठीचं कोडं सुटलं. सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट मला समजायला दोन वर्षं गेली आणि कुणी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

फळीवर माणूस आडवा उभा असतो. डावा पाय पुढे असेल तर छाती जाण्याच्या दिशेच्या उजवीकडे वळलेली असते, उजवा पाय पुढे असेल तर डावीकडे. घरात सतरंजीवर उभं राहून करून बघा, लगेच कळेल. आता तुमची केबल बहुधा घड्याळाच्या उलट फिरत असणार, मी पाहिलेल्या मोठ्या केबल तशाच फिरतात. म्हणजे तळ्याचा मध्य कायम तिच्या डाव्या हाताला आणि तुम्ही उभ्या असलेला बाहेरचा काठ उजव्या हाताला. तिची छाती तळ्याच्या मध्याकडे, पाठ तुमच्याकडे. तुम्ही किकरच्या जितक्या बरोबर समोर उभ्या राहाल तितकी पाठ स्वच्छ दिसेल. तुमचं काहीही चुकत नाहीये, जागा चुकतेय.

उपाय असा की किकरच्या समोर उभं राहायचंच नाही. ती ज्या दिशेला जाते त्या दिशेने काठाकाठाने पुढे चालत जा, किकरच्या पुढे वीस-पंचवीस मीटर, शक्य असेल तर पुढच्या खांबाच्या वळणाजवळ. तिथून मागे वळून बघा. आता ती तुमच्याकडे येतेय. दोर पुढच्या बाजूला ओढत असतो, त्यामुळे खांदे आणि मान आपोआप पुढे वळतात, आणि चेहरा पाऊण तरी दिसतो. दोराची रेघ फ्रेममध्ये येते तीही मला आवडते. दोर दिसला नाही तर बघणाऱ्याला कळतच नाही की हे माणूस हवेत कशाच्या आधाराने गेलं.

वळणाजवळ उभं राहताना मात्र काळजी घ्या. कोपऱ्यावर दोर एकदम ताणला जातो, मूठ सुटली तर ती मूठ जोरात उडते. कुंपणाच्या किंवा रेघेच्या आत जाऊ नका. आधी तिथल्या केबल चालवणाऱ्याला विचारा, तोच चांगली जागा दाखवतो.

एखाद्या तळ्यावर दोनच खांबांची छोटी केबल मिळाली तर तिथे एक वेगळी मजा असते. ती केबल पुढेमागे जाते. जाताना तिची पाठ दिसली तर परत येताना त्याच काठावरून छाती दिसणार. जागा न बदलता नुसती परतीची फेरी धरायची.

आता लेन्स. तुम्ही २५० वर जाता ते कशासाठी ते समजतं, मीही तेच करायचो. पण हिशेब बघा. तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, २५ मीटर अंतरावर, २५० ला सगळी फ्रेम मिळून सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. चौदा वर्षांची मुलगी सरळ उभी तरी मावेल का त्यात? आणि ती तर हात वर करून, फळी खाली लोंबवत उडतेय. तेच १०० वर आलात तर साडेपाच मीटर रुंद, पावणेचार मीटर उंच. डोकं कापण्याचा प्रश्नच उरत नाही. नंतर कापायला भरपूर जागा, २४ मेगापिक्सेल आहेत तुमच्याकडे.

शिवाय फोकस. २५० ला, एफ ५.६ वर (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं ते), २५ मीटरला जेमतेम दोन मीटरचा पट्टा टिपटॉप येतो. १३५ ला तोच पट्टा साडेसात मीटरचा होतो. याचा फायदा घ्यायचा.

कसा, तर तिच्या मागे कॅमेरा पळवायचा नाही. ती कुठे येणार हे आधीच ठरलेलं आहे. केबल एकाच रेषेत जाते, किकर जागचा हलत नाही, आणि तुमची लेक किकरवर सारखी त्याच बाजूने चढते. खेळताना आम्ही सगळे तसंच करतो, कारण घडी बसली की पाय आपोआप तिथे जातात. म्हणून पहिल्या पाच फेऱ्या फोटो काढूच नका. नुसतं बघा. ती मूठ कमरेशी कधी खेचते, गुडघे कधी वाकवते, उडी कुठे सर्वांत वर पोचते, मागच्या झाडांपैकी कोणत्या झाडासमोर. माझ्या तळ्यावर एक वाळकी बर्च आहे, सगळ्यांची उडी तिच्या आसपास शिखराला पोचते. मी तिथेच कॅमेरा लावून बसतो.

मग किकरच्या वरच्या कडेवर फोकस करा आणि तो तिथेच बांधून टाका. २००डीमध्ये कस्टम फंक्शनमध्ये शटरच्या बटणावरून फोकस काढून मागच्या ताऱ्याच्या (*) बटणावर देता येतो. एकदा तारा दाबून किकरवर फोकस घेतला की अंगठा उचला. मग शटर दाबताना कॅमेरा फोकस शोधत बसणार नाही. तुमचा कॅमेरा ९ बिंदूंवर फोकस करतो, पाण्याच्या तुषारात आणि पानांच्या गर्दीत तो फसतोच. मी सुद्धा आधी दोष लेन्सला द्यायचो.

कॅमेरा अडकतो ते बहुधा रॉमुळे, म्हणजे कॅमेऱ्याच्या मोठ्या, कच्च्या फाइलींमुळे. २००डी रॉमध्ये पाच-सहा फ्रेम घेतो आणि मग कार्डवर लिहायला थांबतो. लेक किकरच्या दहा मीटर अलीकडे असल्यापासून तुम्ही बटण दाबून ठेवत असाल, म्हणजे उडीच्या आधीच सगळा साठा भरला. दोन गोष्टी करा. जेपेगवर या, त्या फाइली लहान असतात. आणि बटण उशिरा दाबा, फळी किकरच्या कडेवरून सुटताना. सेकंदाला पाच फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये ती दीड मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. त्यामुळे नुसतं दाबून धरून क्षण मिळत नाही, क्षणाच्या जरा आधी दाबावं लागतं.

शिखरावर एक मेहेरबानी असते. वर जाणं संपतं आणि खाली येणं सुरू व्हायचं असतं त्या शिखराच्या आगेमागे दशांश सेकंदभर उंचीत जेमतेम पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. उंचीपुरतं बघितलं तर ती तिथे जवळपास थांबलेली असते. फळी पकडलेली असते ती बहुधा याच वेळी. चेहरा सैल होतो. खाली येताना माणूस पुन्हा दात दाबतो आणि फोटोत ते दिसतं.

शटरचा हिशेब: ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. १/५०० ला ती १६-१७ मिलिमीटर सरकते, डोळा पुसला जातो. १/२००० ला ४ मिलिमीटर. मी १/१६०० च्या खाली उतरत नाही.

उजेडासाठी स्पोर्ट्स मोड सोडा, एम (मॅन्युअल, आकडे आपण ठरवायचे) वर या. घाबरू नका, फार तर तीन आकडे आहेत. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ ५.६, १/१६००. संध्याकाळी आयएसओ ४०० ते ८००. पाणी चकाकलं की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच उजळ आहे, तो चेहरा काळा करतो. मागे गर्द झाडी आली की उलट, तुषार पांढरेफटक. एम वर तो मत देऊ शकत नाही. किनाऱ्यावर कुणाच्यातरी चेहऱ्यावर, त्याच उन्हात, एक फोटो काढा आणि आकडे बसवून टाका.

उद्या लगेच चांगलं येईल असं म्हणत नाही. पण जागा बदलली की पहिल्याच दिवशी फरक दिसेल.

जुन्नरकर

ताई, मी जुन्नरचा. वेकबोर्डिंग कधी पाहिलं नाही, पण बैलगाडा शर्यतींचे फोटो काढतो. २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यापासून घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, आठवड्याआड असतो. वरच्या भाऊंनी सांगितलेलं अगदी खरं. आमच्याकडेही नवा फोटोग्राफर बारी (शर्यतीची एक फेरी) सुटली की गाड्यामागे कॅमेरा फिरवत पळतो आणि हाती धुरळा लागतो. घाटात कुठला बैल कुठे उधळतो हे बघायला मी दहा बाऱ्या नुसता उभा असतो.

एक गोष्ट जोडतो. सगळेच फोटो गोठवू नका. गाडा १/२००० ला गोठवला तर बैल उभे असल्यासारखे वाटतात, वेग जातो. आमच्याकडे मी १/८० ठेवतो आणि गाड्याबरोबर कंबरेतून वळतो. पाय रोवलेले, कोपरं छातीला टेकलेली. गाडा समोर यायच्या बऱ्याच आधी वळायला सुरुवात, क्लिक झाल्यावरही वळणं चालू. हात थांबला की फोटो मेला. बैलाचं डोकं स्वच्छ आणि मागची माणसं, भंडारा, सगळं पिवळ्या रेघांचं होतं. पोरगी सपाट पाण्यावरून जात असेल तेव्हा हे करून बघा. उडीला नको. १/१२५ ने सुरू करा, मग हळूहळू खाली या. वीसात एक जमतो. पण तो एक भिंतीवर लावायचा असतो.

आणि लेन्स पुसायला सुती मऊ कापड खिशात ठेवा. भंडाऱ्याने माझ्या एका लेन्सवर चरे पडले, कारण मी घाईत शर्टाने पुसली. तुमच्याकडे पाणी आहे, पाणी वाळलं की डाग राहतात आणि उन्हासमोर फोटो काढला की ते डाग धुक्यासारखे दिसतात.

ऑर्लॅंडोची

इथे फ्लोरिडात हा खेळ बोटीमागे चालतो, म्हणून बोटीबद्दल थोडं, कधी सुट्टीत संधी मिळाली तर. दोर वीस मीटरच्या आसपास असतो आणि खेळाडू तुमच्याकडे तोंड करून येतो, त्यामुळे पाठीचा प्रश्न कमी. पण बोट थरथरते. कोपर काठाला टेकवू नका, सगळी थरथर कॅमेऱ्यात येते. गुडघे सैल ठेवून बसा, कुणीतरी लाइफ जॅकेटला धरून ठेवू दे. आम्ही सकाळी सातला निघतो. तेव्हा पाणी काचेसारखं असतं, आणि उन्हाळ्यात दुपारी इकडे वीज-पाऊस ठरलेला.

राईनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सतरंजीवर उभी राहून बघितलं. नवरा विचारत होता काय चाललंय. डावा पाय, उजवा पाय, छाती कुठे, सगळं कळलं. दोन शंका. एक, पोलरायझर फिल्टर लावू का, पाण्याची चकाकी कमी होते म्हणतात? दोन, तिथे इतरही मुलं असतात, ती फोटोत येतात.

उत्तरवारा

पोलरायझर नको. तो एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, आणि संध्याकाळी तुम्हाला तोच उजेड हवा आहे. शिवाय चकाकी हवीच. तुषार मागून आलेल्या उन्हात चमकतात ती या खेळाची शोभा आहे. ऊन तिच्या पाठीमागून येत असेल तर तुषारांना सोनेरी कड येते, पण मग चेहऱ्यासाठी एक स्टॉप उजेड वाढवा.

दुसऱ्या मुलांबद्दल बरं विचारलंत. जर्मनीत ओळखता येणाऱ्या माणसाचा फोटो त्याला न विचारता प्रसिद्ध करता येत नाही, हा कायदा १९०७ पासूनचा आहे. आजीला फक्त आपल्याच लेकीचे पाठवा. बाकीच्यांच्या आईबापांना विचारा. मी तर त्यांच्या मुलांचेही चांगले फोटो काढून देतो, मग पुढच्या वेळी तेच म्हणतात, इथे उभे राहा, इथून छान दिसतं.

राईनकाठ

काल गेले होते. संध्याकाळी पावणेआठ ते साडेनऊ. आधी सहा फेऱ्या फोटो न काढता नुसत्या बघितल्या, हे सगळ्यांत कठीण गेलं. लेक प्रत्येक फेरीला माझ्याकडे बघून हात करत होती, कॅमेरा का खाली आहे म्हणून.

मग दिसायला लागलं. किकरच्या आधी ती मूठ दोन्ही हातांनी उजव्या कमरेशी खेचते आणि डावा खांदा किंचित खाली येतो. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. तो खांदा खाली आला की मी मनात एक आकडा मोजायचा आणि बटण दाबायचं. पलीकडच्या काठावर दोन विलो आहेत, त्यांच्या मधल्या फटीत ती सर्वांत वर असते.

केबल चालवणाऱ्या काकांनी पुढच्या खांबाच्या अलीकडे, कुंपणाला लागून, एक बाक दाखवला. तिथून साधारण २५-३० मीटर अंतर. लेन्स १०० च्या आसपास ठेवली, फोकस किकरच्या कडेला बांधला, जेपेग, एम, १/१६००, आयएसओ ८००. एकशे दहा फोटो काढले. कॅमेरा एकदाही अडकला नाही.

पहिले चाळीस उशिरा दाबल्यामुळे गेले, सगळ्यांत फळी पाण्याला टेकलेली. मग आकडा मोजायचं सोडून खांदा हलताच दाबायला लागले, आणि यायला लागलं.

एक फोटो आलाय. ती फटीत बरोबर मधे आहे, डावा हात फळीच्या कडेवर, बोटं पांढरी पडलेली दिसतात इतकी घट्ट पकड. उजव्या मुठीपासून दोर ताणून फ्रेमच्या कोपऱ्यात गेलाय. हेल्मेटखालून ऊन आत शिरलंय, ओला केस एक गालाला चिकटलेला. ती हसत नाहीये. ओठ थोडे उघडे आहेत, डोळे पुढे, जिथे उतरायचंय तिथे. घरात मी तिला इतकं शांत कधी बघितलेलं नाही.

आईला रात्रीच पाठवला, तिकडे पहाट झाली होती. पाच मिनिटांत फोन आला. म्हणाली, "आता दिसली बघ."

जुन्नरकर दादा, १/१२५ चे तीसेक काढले, सगळे हलले. पुढच्या शनिवारी पुन्हा. कंबरेतून वळताना बाकावर बसून चालत नाही हे कळलं, उभीच राहणार.